माहिती वर जाते, शेजारी जात नाही

महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी नऊच्या सुमारास जाऊन उभे राहा. रांगेतल्या बहुतेकांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिसेल. कापडाच्या नाहीतर औषधांच्या दुकानातली, बंदापाशी फाटत आलेली. तिच्यात जुने केसपेपर असतात, रक्ताचे रिपोर्ट असतात, घडी पडलेली एक्स-रेची फिल्म असते, अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे असतात आणि तळाशी कुठेतरी तीन वर्षांपूर्वीचे डिस्चार्ज कार्ड असते. नंबर लागला की पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी होते आणि त्या ढिगातून दोन-तीन मिनिटांत रुग्णाचा पूर्वेतिहास शोधायचा असतो.

एका रुग्णालयातली माहिती दुसऱ्या रुग्णालयात पोहोचवणारी आपल्याकडची सर्वांत भरवशाची यंत्रणा आजही हीच पिशवी आहे. आजूबाजूला संगणक नाहीत असे मुळीच नाही. केसपेपर संगणकावर निघतो, रिपोर्ट संगणकावरून छापला जातो, औषधसाठ्याचा हिशेब संगणकावर ठेवला जातो, विमा योजनेचा दावाही ऑनलाइन जातो. तरीही या गावच्या रुग्णालयाला जे कळले ते पुढच्या गावच्या रुग्णालयाला कळत नाही. आरोग्यसेवेच्या संगणकीकरणावर गेली पंधरा-वीस वर्षे मोठा खर्च आणि त्याहून मोठे कष्ट झाले आहेत. मग ही पिशवी का सुटत नाही, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

उसाच्या फडातला प्रश्न

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण ऊसतोडीच्या कोणत्याही हंगामात घडू शकेल असे आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका गावातली पंचवीस वर्षांची स्त्री. दुसऱ्यांदा गरोदर आहे. तिसऱ्या महिन्यात गावच्या उपकेंद्रात तिची नोंद झाली. आरोग्यसेविकेने शेवटच्या पाळीची तारीख विचारून प्रसूतीची अंदाजे तारीख काढली, वजन घेतले, रक्तदाब मोजला, हिमोग्लोबिन आणि रक्तगट तपासून घेतला, धनुर्वाताची लस दिली. हे सगळे नोंदवहीत आले, माता-बाल संरक्षण कार्डावर आले आणि पोर्टलवरही आले. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेले हे जोडपे टोळीबरोबर कारखान्याकडे निघाले. कोणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कोणी सीमा ओलांडून बेळगावकडे. दरवर्षी मराठवाड्यातून लाखो माणसे अशी चार-सहा महिन्यांसाठी घर सोडतात.

जानेवारीच्या अखेरीस तिचे डोके दुखू लागते, पाय सुजतात. नवरा तिला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जातो. रक्तदाब १५०/१०० भरतो. डॉक्टरांना आता दोन गोष्टी तातडीने हव्या असतात. पहिली, नेमका कितवा आठवडा चालू आहे? दुसरी, सुरुवातीच्या महिन्यांत तिचा रक्तदाब किती होता?

हे प्रश्न औपचारिक नाहीत. रक्तदाब विसाव्या आठवड्याआधीच वाढलेला असेल, तर तो बहुधा जुना आजार असतो. तेव्हा तो व्यवस्थित होता आणि आता वाढला असेल, तर गरोदरपणातल्या त्या विकाराची शंका येते, ज्यात पुढे झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. आठवड्यांचेही तसेच. चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती होईल असे दिसत असेल, तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. किती घाईने मोठ्या रुग्णालयात पाठवायचे आणि प्रसूती कधी करायची, हे निर्णय या दोन आकड्यांवर अवलंबून असतात.

दोन्ही आकडे लिहिलेले आहेत. पण ते अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या उपकेंद्रात आहेत. माता-बाल कार्ड गावी ट्रंकेत राहिले, किंवा फडावरच्या कोपीत ओले झाले. पोर्टलवरची नोंद आहे, पण ती या केंद्रातल्या डॉक्टरांच्या पडद्यावर आपणहून येत नाही. ही स्त्री त्यांच्या गावच्या यादीतली नाही. मग तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात. आठवड्यांचा अंदाज पोट तपासून बांधला जातो, किंवा सोनोग्राफीला पाठवले जाते. पण दिवस भरत आले असताना सोनोग्राफीवरून काढलेली तारीख तिसऱ्या महिन्यातल्या तारखेइतकी अचूक नसते. आणि तिसऱ्या महिन्यातला रक्तदाब आठव्या महिन्यात कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही. ती माहिती एकदाच मिळवता येत होती. आरोग्यसेविकेने ती मिळवलीही होती.

पाट एकाच दिशेने वाहतो

यात कोणी कामचुकारपणा केला का? तसे दिसत नाही. आरोग्यसेविकेने नोंद केली, डॉक्टरांनी तपासले. दोष माहितीच्या वाटेत आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेत माहिती वर जाते. उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, तिथून तालुक्याला, जिल्ह्याला, राज्याला आणि शेवटी दिल्लीला. या महिन्यात किती गरोदर मातांची नोंद झाली, किती बालकांना लस मिळाली, किती प्रसूती रुग्णालयात झाल्या, ही उत्तरे वर पोहोचतात. त्यांचा उपयोग आहेच. निधी, औषधे आणि कर्मचारी कुठे कमी पडतात हे त्यांच्याशिवाय कळणार नाही. पण या पाटाला आडवी चारी कोणी काढलीच नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरला पडणारा ‘ही बाई कोण, तिला काय झाले होते’ हा प्रश्न या आराखड्यात कुणी विचारलेलाच नव्हता.

कारण प्रत्येक पोर्टल एका कार्यक्रमाच्या पोटी जन्माला आले. आरोग्य केंद्रांच्या मासिक आकडेवारीचे पोर्टल २००८ मध्ये आले. गरोदर माता आणि बालकांची नावनिशीवार नोंद २००९ मध्ये सुरू झाली. क्षयरुग्णांसाठी ‘निक्षय’ २०१२ मध्ये आले. मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांसाठी वेगळी प्रणाली आहे, साथरोगांच्या सर्वेक्षणासाठी वेगळी, लसीकरणासाठी यू-विन वेगळे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दाव्यांचे दालन आणखी वेगळे. प्रत्येकाचा विभाग वेगळा, कंत्राट वेगळे, लॉगिन वेगळे.

यातल्या काही प्रणाली स्वतःच्या कुंपणात उत्तम चालतात. निक्षयचेच पाहा. क्षयाचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते आणि मध्येच तुटले तर औषधाला न जुमानणारा क्षय होण्याची भीती असते. रुग्ण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तर निक्षयमध्ये त्याची नोंद नव्या केंद्राकडे वर्ग करता येते. म्हणजे माहिती आडवी नेणे आपल्याला जमत नाही असे नाही. पण ती एका कार्यक्रमाच्या आतच जाते. मधुमेह असलेल्यांना क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. तरी त्याच माणसाची साखर एका पोर्टलवर आणि थुंकीची तपासणी दुसऱ्या पोर्टलवर. दोन्ही एकत्र बघायची असतील, तर पुन्हा ती पिशवीच उघडावी लागते.

मिरजेच्या फलाटावर

ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. मिरज जंक्शनात एकेकाळी रेल्वेचे तिन्ही रूळ येऊन मिळत. मोठ्या रुळाची रुंदी १६७६ मिलिमीटर, मीटरगेजची १०००, आणि कुर्डुवाडी-लातूरकडे जाणाऱ्या अरुंद रुळाची ७६२. तिन्ही गाड्या आपापल्या रुळांवर नीट धावत. अडचण यायची ती फलाटावर. एका गाडीतले पोते दुसऱ्या गाडीत चढवायचे तर हमालाच्या पाठीशिवाय इलाज नव्हता. त्यात वेळ जाई, माल फुटे, हरवे. देशभरातले रूळ एका रुंदीचे करण्याचा कार्यक्रम १९९२ मध्ये हाती घेतला गेला आणि ही चढउतार हळूहळू संपली.

त्याच मिरजेला लोक वैद्यकीय पंढरी म्हणतात. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन रुग्णालय काढले तेव्हापासून सांगली-कोल्हापूरबरोबरच उत्तर कर्नाटकातलेही रुग्ण तिथे उपचाराला येतात. रुळांचा प्रश्न सुटला. पण त्या रुळांवरून येणाऱ्या रुग्णाच्या कागदांचा सुटायचा आहे. आरोग्याच्या फलाटावरची हमाली आज दोघे करतात: पिशवी घेऊन फिरणारा रुग्ण, आणि एकच नाव-गाव-वय चार ठिकाणी पुन्हा पुन्हा भरणारी आरोग्यसेविका. दोघांच्याही कष्टाची किंमत कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरलेली नसते.

सांधा म्हणजे नेमके काय?

दोन संस्थांच्या प्रणाली जोडायच्या म्हणजे मधे तार टाकायची, असा समज असतो. तार हा त्यातला सर्वांत सोपा भाग. खरे जोडकाम त्यानंतर सुरू होते.

पहिला प्रश्न साच्याचा. माहिती पाठवताना तिचे कप्पे कोणते आणि कोणत्या क्रमाने? यासाठी जगभर वापरला जाणारा एक ठराव आहे. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार ‘फायर’ असा होतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी २०११ च्या सुमारास त्याची मांडणी सुरू केली. रुग्ण, तपासणी, औषध, भेट अशा प्रत्येक गोष्टीचा ठरावीक साचा त्यात आहे. भारताच्या डिजिटल आरोग्य मोहिमेनेही तोच स्वीकारला आहे.

दुसरा प्रश्न अर्थाचा, आणि तो साच्याहून अवघड आहे. समजा, एका ओळीत ‘शुगर १३५’ एवढेच आले. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात १३५ आली असेल, तर ती मधुमेहाच्या पातळीत मोडते. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी आली असेल, तर व्यवस्थित आहे. आकडा तोच, निदान उलटे. परदेशातून आलेल्या माणसाच्या रिपोर्टवर साखर ६.७ दिसली तर घाबरायचे कारण नाही. तिथे एकक वेगळे आहे, त्याला १८ ने गुणले की आपले १२० येतात. माणूस हे संदर्भाने ओळखतो. यंत्राला संदर्भ कुणीतरी लिहून द्यावा लागतो.

तो नीट लिहून दिला नाही तर काय होते, हे ‘नासा’ने १९९९ मध्ये अनुभवले. मंगळाभोवती फिरण्यासाठी पाठवलेले त्यांचे यान मंगळापाशी पोहोचताच नष्ट झाले. यान बांधणाऱ्या कंपनीची संगणकप्रणाली इंजिनांच्या धक्क्याचे मोजमाप पौंडांच्या एककात देत होती, आणि ते वापरणारी नासाची प्रणाली ते न्यूटनमध्ये आहे असे धरून चालली होती. फरक साडेचार पटींच्या आसपासचा. दोन्हीकडची गणिते आपापल्या जागी बरोबर होती, पण मधल्या सांध्यावर एककाची खातरजमा झाली नाही.

वैद्यकात ही खातरजमा व्हावी म्हणून सामायिक कोश तयार झाले आहेत. अमेरिकेतल्या रेगेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ पासून ‘लॉइंक’ हा तपासण्यांचा कोश बांधत आणला. त्यात रक्तातल्या साखरेच्या प्रत्येक प्रकारच्या तपासणीला, एककांच्या प्रकारानुसारही, वेगळा क्रमांक आहे. आजार, लक्षणे आणि शस्त्रक्रियांसाठी ‘स्नोमेड सीटी’ हा साडेतीन लाखांहून अधिक संकल्पनांचा कोश आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा सभासद देश झाला, त्यामुळे आपल्याकडे तो विनाशुल्क वापरता येतो. त्याचे देशातले काम पुण्याच्या सी-डॅकमधील केंद्रातून चालते. म्हणजे कोश आहेत, फुकट आहेत आणि त्यांचे माहेरघर आपल्या पुण्यातच आहे. पण गल्लीतल्या प्रयोगशाळेच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पोहोचले आहेत का, हे कोण पाहते?

तिसरा प्रश्न ओळखीचा. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत किती प्रकारे लिहिले जाते, ते कोणत्याही शाळेच्या हजेरीपटात पाहा. लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव बदलते, कधी पहिलेही बदलते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख टाकलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. मोबाइल क्रमांक नवऱ्याचा असतो आणि तोही दर हंगामात बदलतो. अशा वेळी दोन ठिकाणच्या नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत हे ठरवायचे कसे? जुळणी झालीच नाही तर तपासणी पुन्हा करावी लागते. चुकीची झाली तर एकाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावावर जातो. हा दुसरा धोका पहिल्याहून फार मोठा आहे.

एकच मोठा वाडा की ठरलेल्या पायवाटा?

हे सांधे जोडण्याचे दोन मार्ग जगाने करून पाहिले आहेत. इंग्लंडने २००२ मध्ये साऱ्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी वरून ठरवलेला एक विराट प्रकल्प हाती घेतला. देशाचे विभाग पाडून मोजक्या बड्या कंपन्यांना कंत्राटे दिली. रुग्णालयांनी ठरलेली प्रणाली घ्यावी अशी अपेक्षा होती. ती वापरणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांना फारसे विचारले गेले नाही. काही भाग टिकले, एक्स-रेच्या प्रतिमांची देवाणघेवाण सुधारली. पण प्रत्येक रुग्णाची एक सविस्तर नोंद हे मुख्य स्वप्न अपुरे राहिले आणि २०११ मध्ये तो कार्यक्रम मोडीत काढत असल्याचे सरकारने जाहीर केले. तोवरचा खर्च अब्जावधी पौंडांचा होता.

डेन्मार्कने उलट सुरुवात केली. तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे. १९९४ मध्ये ‘मेडकॉम’ ही संस्था उभी राहिली. तिने कोणावर सॉफ्टवेअर लादले नाही. डॉक्टर आणि रुग्णालये एकमेकांना सर्वांत जास्त कोणते कागद पाठवतात ते पाहिले: औषधाची चिठ्ठी, प्रयोगशाळेचा अहवाल, दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याचे पत्र, डिस्चार्जचा सारांश. मग एवढ्याच कागदांचे साचे सर्वांच्या संमतीने ठरवले, आणि प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर ते साचे नीट पाठवते-घेते का याची परीक्षा लावली. वाडा ज्याचा त्याचा राहिला. दोन वाड्यांमधली पायवाट मात्र सर्वांनी मिळून आखली. डेन्मार्क लहान आणि श्रीमंत देश आहे, त्याचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. पण कामाचा क्रम घेण्यासारखा आहे: थोडे ठरवा, पक्के ठरवा, आणि पाळले जाते का ते तपासा.

भारताने कागदावर हाच शहाणा मार्ग निवडला आहे. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर झाली, २०१६ मध्ये सुधारली. आयुष्मान भारत डिजिटल मोहीम २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाली. तिच्या रचनेत सगळ्यांच्या नोंदी एका कोठारात भरायच्या नाहीत. नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. रुग्णाचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक तिला ओळख देतो. आणि रुग्णाने संमती दिली तरच ती दुसऱ्या डॉक्टरला दिसते. ‘आभा’ क्रमांकांची संख्या सत्तर कोटींच्या पुढे गेली आहे. यासाठी ज्यांनी काम केले त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

पण क्रमांक ही दाराची पाटी झाली. दार उघडते का, हा प्रश्न वेगळा. अनेक रुग्णालयांत ‘आभा’चा उपयोग रांगेशिवाय केसपेपर काढण्यापुरताच होतो. तो उपयोगही चांगला आहे, वृद्धांचे उभे राहणे वाचते. मात्र त्यानंतर आत जे निदान होते, जी तपासणी होते, ती त्या क्रमांकाशी जोडली जाते का? आणि जोडली गेली तर समोरच्याला कळेल अशा रूपात, की नुसते कागदाचे छायाचित्र म्हणून? छायाचित्र माणसाला वाचता येते. पण त्यातला रक्तदाब बाजूला काढून आजच्या रक्तदाबाशेजारी ठेवणे यंत्राला अवघड असते.

कष्ट एकाचे, फायदा दुसऱ्याचा

सांधे न जुळण्याचे सर्वांत मोठे कारण तांत्रिक नाही. ज्याने नोंद करायची त्याला तिचा फायदा होत नाही, हे ते कारण आहे. बीडच्या आरोग्यसेविकेने रक्तदाब काळजीपूर्वक भरला, तर त्याचा उपयोग कोल्हापूरच्या डॉक्टरला होणार. तिच्या वाट्याला येतात ती बंद पडणारे ॲप, न येणारे नेटवर्क आणि महिनाअखेरचा तगादा. तिने मन लावून नोंद करावी असे वाटत असेल, तर तिलाही त्यातून काही परत मिळाले पाहिजे: आज कुणाकडे जायचे याची यादी, जोखमीच्या मातेची आठवण, आणि परगावी गेलेल्या बाईची प्रसूती सुखरूप झाली हा निरोप. आज हा निरोप पोहोचतो तो बहुतेक वेळा नातेवाइकांच्या फोनवरून.

खासगी क्षेत्रात हिशेब आणखी सरळ आहे. रुग्णाची नोंद सहज बाहेर जाऊ लागली, तर रुग्णही सहज बाहेर जाईल अशी धास्ती असते. दुसऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट चालत नाही, तपासणी पुन्हा करा, असे सांगण्यामागे कधी वैद्यकीय कारण असते, कधी नसते. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनाही ग्राहक अडकून राहिलेला सोयीचा असतो. अमेरिकेने २००९ नंतर रुग्णालयांच्या संगणकीकरणाला अब्जावधी डॉलरचे प्रोत्साहन दिले. संगणक आले, पण नोंदी एकमेकांकडे जाईनात. शेवटी माहिती अडवून धरण्याला मनाई करणारा कायदा २०१६ मध्ये करावा लागला. आपण हा धडा पैसे खर्च होण्याआधी शिकलो तर बरे.

आडवी वाट, पण दाराला कडी

माहिती आडवी जाऊ लागली की धोकेही येतात. एचआयव्ही, क्षय, मानसिक आजार, गर्भपात यांच्या नोंदी चुकीच्या नजरेस पडल्या, तर माणसाची नोकरी जाऊ शकते, लग्न मोडू शकते. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तर मुकादम उचल देण्याआधी अंगमेहनतीची ताकद पाहतो. त्याच्या हाती आजारपणाची यादी जाता कामा नये. २०२३ मध्ये देशात वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला आहे. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईकडून ‘ओटीपी सांगा’ म्हणून घेतलेली संमती ही कितपत संमती आहे? कशासाठी, कोणाला आणि किती दिवस, हे तिला तिच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे, आणि कोणी पाहिले याची नोंद तिला मागता आली पाहिजे.

म्हणून सगळ्यांचे सगळे सगळ्यांना दिसावे, अशी मागणी नाही. थोडे, पण गरजेचे, योग्य माणसाला वेळेवर दिसावे एवढीच आहे.

एक हंगाम करून पाहू

मग करायचे काय? पहिले, छोटा सारांश ठरवावा. गरोदर मातेसाठी प्रसूतीची अंदाजे तारीख, पहिल्या भेटीतला रक्तदाब, शेवटचा रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लशी, आधीच्या प्रसूतीचा प्रकार, चालू औषधे आणि जोखमीची खूण. एवढ्या नऊ-दहा गोष्टी पक्क्या कोशातल्या क्रमांकांसह कोणत्याही केंद्रात उघडल्या, तरी मोठे काम होईल.

दुसरे, एकदा भरलेली माहिती पुन्हा भरायला लावायची नाही, हा नियम करावा. नवे पोर्टल काढणाऱ्या विभागाने आधी सांगावे की यातली कोणती माहिती दुसरीकडे आहे आणि ती तिथून का घेता येत नाही.

तिसरे, खरेदीच्या करारात सांध्याची अट घालावी. सार्वजनिक पैशाने घेतलेले प्रत्येक सॉफ्टवेअर ठरलेल्या साच्यात नोंद देते आणि घेते, हे प्रत्यक्ष चाचणीत दाखवल्याशिवाय बिल निघू नये. आणि सांधा तुटला तर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे अधिकाऱ्याच्या पदनामासह लिहिलेले असावे. आज दोन्ही बाजू ‘आमच्याकडे सगळे चालू आहे’ म्हणतात आणि मधली जागा बेवारस राहते.

चौथे, कागद टाकून देऊ नये. फडावर नेटवर्क नसते, मोबाइल चार्ज नसतो. माता-बाल कार्डावर हा सारांश ठळक मराठीत छापलेला आणि शेजारी स्कॅन करता येईल असा कोड, असे टिकाऊ कार्ड हातात असेल तर यंत्र बंद असतानाही उपचार अडणार नाहीत.

पाचवे, मोजमाप बदलावे. किती ‘आभा’ काढले याऐवजी, परजिल्ह्यातून आलेल्या किती रुग्णांची जुनी नोंद डॉक्टरांपुढे उघडली, हा आकडा जिल्ह्याजिल्ह्याने जाहीर करावा.

याची परीक्षा घ्यायला ऊसतोडीच्या हंगामाइतकी चांगली जागा नाही. कोणत्या तालुक्यातून कोणत्या कारखान्यांकडे टोळ्या जातात हे मुकादमांना, कारखान्यांना आणि आरोग्यसेविकांना माहीत असते. येत्या दिवाळीआधी बीडमधल्या एका तालुक्यात गरोदर माता आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे सारांश तयार करावेत आणि ते कोल्हापूर, सांगली आणि बेळगावच्या मोजक्या केंद्रांत उघडतात का ते पाहावे. बेळगावमुळे दोन राज्यांमधला, आणि मराठी-कन्नड असा भाषेचाही सांधा तपासून होईल. चुका सापडतीलच. एका तालुक्यात सापडलेल्या चुका साऱ्या राज्यात सापडण्यापेक्षा स्वस्त पडतात.

त्या उदाहरणातल्या बाईला सत्तर कोटींच्या आकड्याशी घेणेदेणे नाही. तिला तपासणाऱ्या डॉक्टरला तिच्याच गावच्या आरोग्यसेविकेने तिसऱ्या महिन्यात मोजलेला रक्तदाब दिसला पाहिजे. तो दिसेल त्या दिवशी तिला पिशवी घरी ठेवता येईल.